व्हेनस अल्सरसाठी दाब देणारी चार साधने: एका परिचारिकेने केलेले परीक्षण

पायाच्या शिरांमध्ये रक्त साचून राहिल्यामुळे घोट्याजवळ होणारी जखम, म्हणजे व्हेनस अल्सर, भरून यावी यासाठी परिचारिकेच्या ट्रॉलीवर अनेक वस्तू मांडलेल्या असतात. परंतु त्यांपैकी मूळ दोषावर काम करणारी वस्तू एकच, ती म्हणजे पायाला बाहेरून दाब देणारी पट्टी. नातेवाईक मात्र बहुधा विचारतात ते जखमेवर ठेवण्याच्या ड्रेसिंगविषयी: चांदीचे घ्यावे की मधाचे, महागड्याने लवकर भरेल का. जखमांच्या विभागात काम करताना दाब देण्याची चार प्रकारची साधने माझ्या हाताखालून नेहमी जातात. चार थरांची पट्टी, दोन थरांचा तयार संच, एकावर एक घालायच्या दोन स्टॉकिंग्जचा संच आणि वेल्क्रोच्या पट्ट्यांनी आवळायचे आवरण, अशी ही चार साधने आहेत. कोणत्याही कंपनीचे नाव न घेता त्यांचे हे परीक्षण मी प्रकारानुसार करत आहे, कारण एकाच प्रकारातल्या दोन कंपन्यांच्या वस्तूंत जितका फरक असतो, त्यापेक्षा कितीतरी जास्त फरक ती वस्तू कोणत्या पायावर आणि कोणत्या हातांनी बांधली यामुळे पडतो.

साधन चांगले की वाईट हे ठरवायचे असेल, तर त्याच्याकडून अपेक्षा काय आहे ते आधी स्पष्ट असले पाहिजे. माणूस स्थिर उभा असतो तेव्हा घोट्याजवळच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या सुमारे ८० ते ९० मिलिमीटरइतका असतो. तो चालू लागला की पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात, शिरांमधल्या झडपा ते खाली परतू देत नाहीत आणि हा दाब ३० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही खाली उतरतो. झडपा निकामी झाल्या, किंवा घोटा आखडल्यामुळे पोटरीचा पंप नीट चालेनासा झाला, तर चालतानाही दाब उतरत नाही. मग पाणी आणि रक्तपेशी केशवाहिन्यांतून बाहेर झिरपतात, त्वचेवर तपकिरी डाग धरतात, खालची चरबी आणि त्वचा कडक होते आणि एखाद्या किरकोळ खरचटण्याने झालेली जखमसुद्धा भरायचे नाव घेत नाही. हे चक्र थांबवण्यासाठी घोट्यापाशी सुमारे ४० मिलिमीटर दाब हवा, वर गुडघ्याकडे जाताना तो कमी होत गेला पाहिजे आणि पुढच्या ड्रेसिंगपर्यंत टिकला पाहिजे. त्याचबरोबर रुग्णाला त्या पट्टीसह झोपता, चालता आणि पादत्राण घालता आले पाहिजे. माझ्या लेखी या शेवटच्या अटीला पहिल्या तीन अटींइतकेच वजन आहे, कारण रुग्णाने घरी जाऊन कापून टाकलेली पट्टी शून्य दाब देते.

साध्या क्रेप बँडेजचा मी या परीक्षणात समावेश केलेला नाही, कारण ते हे काम करतच नाही. बांधताना ते घट्ट वाटते, पण काही तासांतच सैल पडून घोट्याशी गोळा होते आणि त्या वळकटीखाली त्वचेत खोल वळ उठतो. अनेक रुग्ण ‘पट्टी बांधून झाली, फायदा झाला नाही’ असे सांगत येतात. नीट चौकशी केली तर ती पट्टी म्हणजे क्रेपच असते.

या चारांपैकी कोणतेही साधन उघडण्यापूर्वी एका पाचव्या वस्तूची गरज असते आणि तिच्याविषयी मी सविस्तर लिहिणार आहे: हातात धरण्याचा डॉप्लर, म्हणजे ध्वनिलहरींच्या मदतीने धमनीतल्या रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारे छोटे यंत्र. पायाकडे येणाऱ्या धमन्याच अरुंद झालेल्या असतील, तर बाहेरून दिलेल्या ४० मिलिमीटर दाबाने उरलासुरला रक्तपुरवठाही तुटतो आणि बोटे किंवा अख्खा पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. पावलावरची नाडी बोटांनी लागली म्हणजे धमन्या ठीक आहेत, असे मानून चालत नाही. सुजलेल्या पायावर तर नाडी लागणेच अवघड असते. म्हणून घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर काढावे लागते. रुग्णाला १० ते २० मिनिटे सपाट निजवून शांत राहू द्यायचे, दोन्ही दंडांचा दाब डॉप्लरनेच मोजायचा, जखमेवर पातळ प्लास्टिकचे आवरण ठेवून घोट्याच्या जरा वर रक्तदाब मोजण्याचा कफ बांधायचा आणि पावलाच्या वरच्या बाजूची व आतल्या घोट्यामागची अशा दोन्ही नाड्यांवर जेल लावून प्रोब, म्हणजे यंत्राचे टोक, सुमारे ४५ अंशांत धरायचा. कफ फुगवल्यावर आवाज बंद होतो. हवा सावकाश सोडताना तो ज्या आकड्यावर परत येतो, तो आकडा टिपायचा. पायावरच्या आकड्यांपैकी मोठ्या आकड्याला दोन दंडांपैकी मोठ्या आकड्याने भागायचे. दंडावर १४० आणि घोट्यावर १२६ आले, तर गुणोत्तर ०.९ होते.

हे गुणोत्तर ०.८ ते १.३ च्या दरम्यान असेल आणि बाकीची तपासणीही जुळत असेल, तर पूर्ण दाब देता येतो. ते ०.५ ते ०.८ असेल तर शिरा आणि धमन्या दोन्हींत दोष असण्याची शक्यता असते. तिथे रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञांच्या सल्ल्याने आणि देखरेखीखाली कमी दाबच द्यायचा. ०.५ च्या खाली दाबपट्टी वर्ज्य असून रुग्णाला तातडीने तज्ज्ञांकडे पाठवावे लागते. १.३ च्या वरचा आकडा पाहून समाधान मानणे धोक्याचे असते. मधुमेहाच्या किंवा मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांत धमन्यांच्या भिंती चुन्याने कडक झालेल्या असतात, कफने त्या दाबल्याच जात नाहीत आणि आकडा खोटा मोठा येतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा लागतो. आकड्याइतकेच लक्ष आवाजाकडेही द्यायला हवे. निरोगी धमनीचा आवाज दोन किंवा तीन टप्प्यांत, स्पष्ट आणि टणक येतो. अरुंद झालेल्या धमनीचा आवाज एकसुरी आणि घरघरल्यासारखा असतो. आकडा ०.९ आणि आवाज एकसुरी, अशी जोडी समोर आली की पट्टी बाजूला ठेवून दुसरे मत घ्यावे, या मताची मी आहे.

डॉप्लर हे यंत्र म्हणून चांगले आहे, लहान आहे आणि त्यात फारसे काही बिघडत नाही. साधारण पायासाठी ८ मेगाहर्ट्झचा प्रोब पुरतो. फार सुजलेल्या पायासाठी अधिक खोलवर पोहोचणारा ५ मेगाहर्ट्झचा प्रोब लागतो आणि तो बहुतेक ठिकाणी नसतो. खरी अडचण वेळेची असते. रुग्णाला निजवून ठेवण्यासह नीट केलेली तपासणी बराच वेळ घेते आणि गर्दीच्या दिवशी पहिली काटछाट होते ती निजवून ठेवण्याच्या वेळेत. तसे केले की आकड्यावर विसंबता येत नाही.

डॉप्लरखेरीज बाकीचे मूल्यमापनही पट्टीच्या निवडीशी थेट जोडलेले आहे, म्हणून त्याचा उल्लेख इथेच करते. पूर्वी पायाच्या शिरेत गुठळी झाली होती का, व्हेरिकोज व्हेन्सची शस्त्रक्रिया झाली होती का, हृदयविकार आहे का, हे विचारलेच पाहिजे. हृदय नीट काम करत नसताना दोन्ही पायांना एकदम जोरदार दाब दिला, तर पायांतले पाणी वर जाऊन धाप वाढू शकते. जखम नडगीच्या खालच्या भागात, बहुधा आतल्या घोट्याच्या बाजूला, उथळ आणि वेड्यावाकड्या कडांची असेल, भोवती तपकिरी डाग आणि खाजरा इसब असेल, तर शिरांचा दोष संभवतो. खोल, कोरून काढल्यासारखी, पावलावर किंवा बोटांवर असलेली आणि पाय वर उचलल्यावर जास्त दुखणारी जखम धमन्यांकडे बोट दाखवते. लांबी-रुंदी, तळाचा रंग, स्राव किती आणि कसा, कडा उंचावलेल्या आहेत का, हे सारे लिहून ठेवायचे आणि शक्य असेल तर मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो घ्यायचा. त्यानंतर टेपने घोट्याचा आणि पोटरीचा घेर मोजायचा. हा घेर न मोजता संच उघडणाऱ्या व्यक्तीला तो संच वापरायला देऊ नये, असे मला अगदी मनापासून वाटते.

त्याचे कारण पट्टीच्या गणितात आहे. पट्टीचा ताण आणि थरांची संख्या वाढली की दाब वाढतो. पायाचा घेर आणि पट्टीची रुंदी वाढली की तो कमी होतो. म्हणूनच सारख्या ताणाने बांधलेली पट्टी बारीक घोट्यावर जास्त आणि जाड पोटरीवर कमी दाब देते, आणि हवा तसा उतरता दाब आपोआप मिळतो. पण घोटा फारच बारीक असेल तर तोच ताण धोकादायक ठरतो, आणि जुन्या आजारात पाय उलट्या बाटलीसारखा, खाली अगदी अरुंद आणि वर एकदम फुगलेला झाला असेल, तर कापसाचे अस्तर घालून पायाचा आकार आधी सारखा करून घ्यावा लागतो. नडगीची कड, घोट्याची हाडे आणि टाचेमागचा स्नायुबंध या जागी अस्तर कमी पडले तर पट्टीमुळेच नवी जखम होते.

आता प्रत्यक्ष साधनांकडे वळते. चार थरांची पट्टी १९८० च्या दशकात लंडनच्या चेरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये विकसित झाली आणि आजही बाकीच्या साधनांची तुलना तिच्याशीच केली जाते. पहिला थर मऊ कापसाचा, दुसरा क्रेपचा, तिसरा लवचिक पट्टीचा, चौथा स्वतःलाच चिकटणाऱ्या पट्टीचा. तिसरा थर आठच्या आकड्याच्या वेढ्यांनी आणि बाकीचे गोल वेढ्यांनी बांधतात. तिसऱ्या थराने सुमारे १७ आणि चौथ्याने सुमारे २३ मिलिमीटर दाब मिळतो, अशी ही बेरीज आहे. हिचा मोठा गुण म्हणजे एखाद्या थरात थोडी चूक झाली तरी बाकीचे थर ती सावरून घेतात, आणि आठवडाभर दाब टिकतो. स्राव जास्त असेल तर कापसाचा थर तो शोषून घेतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या ब्रिटिश चाचणीत, कमी ताणल्या जाणाऱ्या पट्टीच्या तुलनेत चार थरांच्या पट्टीखाली जखमा लवकर भरल्या. तरीही माझ्या हातून ती आता कमी बांधली जाते. ‘सिस्टर, चप्पल पायात जातच नाही’ ही तक्रार घेऊन रुग्ण परत येतात आणि ती तक्रार खरी असते. इतक्या जाडीने घोटाही नीट हलत नाही आणि घोटा हलला नाही तर पोटरीचा पंप चालत नाही. उकाड्यात आत घाम साचतो, खाज सुटते आणि पेन किंवा सळई आत घालून खाजवल्याच्या खुणा नंतर त्वचेवर दिसतात. भरपूर स्राव, वेडावाकडा पाय आणि फारसे न चालणारा रुग्ण, अशा वेळी मात्र मी आजही हीच पट्टी निवडते.

दोन थरांचा तयार संच हे या चारांत मला सर्वांत उपयोगी वाटलेले साधन आहे, आणि त्याचा दोषही याच ठिकाणी तपशिलात सांगायला हवा. आतला थर अस्तराचे आणि थोड्या दाबाचे काम करतो, बाहेरचा स्वतःला चिकटणारा थर उरलेला दाब देतो आणि दोन्ही मिळून एकसंध, जवळपास न ताणली जाणारी नळी तयार होते. अशा नळीचा फायदा असा की, पोटरीचा स्नायू आकुंचन पावून फुगतो तेव्हा ती त्याच्याबरोबर पसरत नाही, त्यामुळे चालताना आतला दाब एकदम वाढतो. रुग्ण आडवा झाला की तो उतरतो. साहजिकच रात्रीची झोप मोडत नाही. जाडी कमी असल्याने नेहमीचे पादत्राण, फार तर एक माप मोठे, पायात जाते आणि माणूस चालत राहतो. काही संचांच्या पट्ट्यांवर लंबवर्तुळे छापलेली असतात. पट्टी योग्य ताणली की ती नेमकी गोल दिसतात. ही साधी खूण नवख्या हाताला फार मदत करते. शिकाऊ परिचारिका पट्टी बांधत असताना तिच्या शेजारी उभे राहून मी पाहिले आहे: टाचेवरून वळताना तिची पकड नकळत घट्ट होते आणि तिथली वर्तुळे आडवी ताणलेली दिसू लागतात, ती स्वतःच थांबते, दोन वेढे उलगडते आणि पुन्हा बांधते. शिकवणाऱ्याला तोंडही उघडावे लागत नाही.

दोष असा की हे सारे संच बाहेरून एकसारखे दिसतात, पण बांधण्याची रीत प्रत्येकाची वेगळी असते. एखाद्याचा बाहेरचा थर पूर्ण ताणून बांधायचा असतो, दुसऱ्याचा फक्त छापील खूण जुळेपर्यंत. एखाद्याचा आतला थर जेमतेम एकावर एक चढवायचा, तर दुसऱ्याचा निम्मा. एका संचावर हात बसलेली परिचारिका दुसरा संच त्याच सवयीने बांधते आणि मग दाब एकतर निम्माच मिळतो किंवा नको इतका वाढतो. पुरवठादार बदलला की नवा संच येतो, प्रशिक्षण येत नाही. मापांचाही असाच गोंधळ होतो: काही संच १८ ते २५ आणि २५ ते ३२ सेंटिमीटर घोट्यांसाठी वेगळे असतात आणि वेष्टनावरचा तो बारीक मजकूर वाचला जात नाही. शिवाय सूज खूप असेल तर पहिल्या काही दिवसांत ती झपाट्याने उतरते, पट्टी सैल पडून खाली घसरते आणि अशा वेळी आठवडाभर न थांबता आठवड्यातून दोनदा नव्याने बांधावी लागते. संच एकदाच वापरण्याचा असल्याने तो खर्चही दुप्पट होतो. हे रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगणे योग्य.

दोन स्टॉकिंग्जचा संच सूज उतरलेल्या, कमी स्रावाच्या आणि सरळ आकाराच्या पायासाठी उत्तम आहे. आतली पातळ स्टॉकिंग ड्रेसिंग जागेवर धरून थोडा दाब देते, बाहेरची उरलेला देते आणि रात्री बाहेरची काढून ठेवता येते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हा संच आणि चार थरांची पट्टी यांची समोरासमोर तुलना झाली: जखम भरण्याचा मध्यक काळ स्टॉकिंग्जच्या गटात ९९ दिवस आणि पट्टीच्या गटात ९८ दिवस होता, आणि भरलेली जखम पुन्हा होण्याचे प्रमाण स्टॉकिंग्जच्या गटात १४ टक्के, तर पट्टीच्या गटात २३ टक्के आढळले. त्याच चाचणीत स्टॉकिंग्ज मध्येच सोडून दुसऱ्या उपचाराकडे वळलेल्यांची संख्या मात्र जास्त होती, आणि ते का होत असावे हे दररोज दिसते. वाकता न येणाऱ्या, बोटांत जोर नसलेल्या माणसाला बाहेरची स्टॉकिंग चढवता येत नाही. ती चढवण्याची चौकट किंवा घसरते कापड दिले नाही, तर हा संच कपाटात पडून राहतो.

वेल्क्रोच्या आवरणाविषयी माझे मत वापरता वापरता चांगले होत गेले आहे. न ताणल्या जाणाऱ्या कापडाचे हे आवरण पायाभोवती गुंडाळून खालून वर एकेक पट्टा आवळायचा असतो. सोबत मिळणारे मोजकार्ड पट्ट्यावरच्या खुणांशी जुळवले की दाब किती झाला ते कळते. सूज उतरली की रुग्ण स्वतः पट्टे पुन्हा आवळू शकतो, आंघोळीसाठी काढू शकतो, त्वचेला मलम लावून परत बांधू शकतो. पट्टीला कंटाळलेल्या एका आजींच्या हातात हे आवरण दिले, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा ते उलटे, वरून खाली आवळले. कार्ड जुळवून पाहिले, मान हलवली आणि सगळे पट्टे सोडून घोट्यापासून पुन्हा सुरुवात केली. पुढच्या भेटीत त्या मलाच सांगत होत्या की संध्याकाळी दुसरा पट्टा सैल पडतो, म्हणून तो दुपारी एकदा पाहावा लागतो. स्वतःच्या पायावर असा ताबा मिळालेला रुग्ण उपचार सोडत नाही, आणि माझ्या मते या साधनाचे खरे मोल तेच आहे. मर्यादा अशा: दुखले की पट्टे सैल करणारे आणि परत न आवळणारे रुग्णही असतात, पावलासाठी वेगळा भाग घेतला नाही तर पाऊलच सुजते, वेल्क्रोत धागे अडकून त्याची पकड कमी होते, स्राव भरपूर असेल तर आवरण खराब होते. विसरभोळ्या आणि एकट्या राहणाऱ्या व्यक्तीला मी ते देणार नाही.

जस्ताच्या लेपाने भिजवलेली पट्टी पॉल उन्ना या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने १९ व्या शतकाच्या अखेरीस रूढ केली. भोवतालच्या इसबाला तिने आराम पडतो. पण सूज उतरल्यावर ती पायाबरोबर आकसत नाही, त्यामुळे दाबासाठी केवळ तिच्यावर विसंबू नये.

दाबाखाली ठेवायच्या ड्रेसिंगविषयी थोडक्यात सांगायचे तर, न चिकटणारे साधे ड्रेसिंग बहुतेक जखमांना पुरते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दाबपट्टीखाली चांदीचे ड्रेसिंग आणि साधे न चिकटणारे ड्रेसिंग यांच्यात जखमा भरण्याच्या बाबतीत लक्षणीय फरक आढळला नाही. स्राव जास्त असेल तर शोषणारे ड्रेसिंग निवडावे, एवढाच काय तो विचार. पाय पिण्यायोग्य कोमट पाण्याने धुवावा, सुटलेली खपली आणि मेलेली त्वचा हळुवार काढावी, बिनवासाचे साधे मलम लावावे. लॅनोलिन, सुगंधी द्रव्ये आणि निओमायसिनसारखी मलमे या रुग्णांत ॲलर्जी लवकर उठवतात, म्हणून ती टाळलेली बरी. जखमेवर जंतू असतातच. लाली पसरणे, उष्णता, वाढती वेदना किंवा ताप यांपैकी काही नसताना स्वॅब पाठवून अँटिबायोटिक सुरू करण्यात रुग्णाचा लाभ नाही.

कोणत्याही पट्टीची खरी परीक्षा ती काढताना होते. मी ती एकदम कापून फेकत नाही, थराथराने उलगडते. आतल्या थरावरचा डाग किती पसरला आहे, तो कोणत्या बाजूला ओघळला आहे, त्वचेवर वेढ्यांच्या खुणा सारख्या अंतरावर आहेत की एखाद्या जागी खोल कड उठली आहे, बोटांच्या मुळाशी सूज जमली आहे का, यावरून मागच्या वेळी काय चुकले ते कळते. बोटांच्या मुळाशी जमलेली सूज म्हणजे पट्टी बोटांपासून सुरू न होता पावलाच्या मध्यापासून सुरू झाली होती. घोट्यापुढच्या घडीत लाल रेघ म्हणजे बांधताना पाऊल काटकोनात धरले नव्हते. पट्टी नेहमी बोटांच्या मुळापासून गुडघ्याखाली दोन बोटांच्या अंतरापर्यंत जायला हवी. घरी पाठवताना रुग्णाला आणि त्याच्या माणसांना हे बजावून सांगावे की बोटे गार, निळी किंवा पांढरी पडली, मुंग्या आल्या, नवी कळ सुरू झाली किंवा धाप लागली, तर आमची वाट न पाहता पट्टी काढून टाकावी आणि लगेच कळवावे.

चांगली पट्टी चांगल्या हातांनी बांधूनही काही जखमा भरत नाहीत. पहिल्या चार आठवड्यांत जखमेचे क्षेत्र ठळकपणे कमी झाले नाही, तर आधी निदान आणि पट्टीचा दाब दोन्ही पुन्हा तपासावेत. बारा आठवडे उलटूनही भरण्याची चिन्हे नसतील, कडा उंचावलेल्या असतील किंवा जखमेचे रूप विचित्र वाटत असेल, तर तुकडा काढून तपासायला पाठवण्यासाठी रुग्णाला तज्ज्ञांकडे धाडायलाच हवे, कारण जुन्या जखमेत कर्करोग होऊ शकतो. शिरांवरच्या उपचारासाठी मात्र इतके थांबूच नये. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४५० रुग्णांच्या चाचणीत, दाबपट्टीबरोबरच दोषी शीर आतून बंद करण्याचा उपचार दोन आठवड्यांच्या आत केलेल्यांच्या जखमा भरण्याचा मध्यक काळ ५६ दिवस होता, तर तो उपचार लांबवलेल्यांचा ८२ दिवस. त्यामुळे पहिल्या भेटीतच शिरांच्या सोनोग्राफीसाठी चिठ्ठी दिली जाते की नाही, हा मी कोणत्याही जखम-सेवेचा दर्जा ठरवण्याचा निकष मानते. महिनोन्‌महिने नियमित ड्रेसिंग होते आणि शिरा कोणी तपासलेल्याच नसतात, असे रुग्ण अजूनही येतात, आणि त्याचा मला राग येतो.

जखम भरल्यावर साधनाची गरज संपत नाही. झडपा तशाच असतात आणि दाब थांबला की त्याच जागी पुन्हा जखम होते. इथे घ्यायची ती एकेरी स्टॉकिंग, रुग्ण सहन करू शकेल तितक्या जास्त दाबाची. खरेदी करताना वेष्टनावरच्या वर्गाच्या आकड्यावर विसंबू नये: युरोपीय मोजणीत वर्ग २ म्हणजे २३ ते ३२ मिलिमीटर, ब्रिटिश मोजणीत तोच वर्ग १८ ते २४ मिलिमीटर, त्यामुळे दुकानदाराला मिलिमीटरमध्येच विचारावे. माप सकाळी, सूज चढण्याआधी घ्यावे. दोन जोड घ्यावेत, एक धुतल्यावर दुसरा घालता यावा म्हणून. धुलाईने लवचिकता कमी होते, तेव्हा साधारण सहा महिन्यांनी ते बदलावेत, आणि नवे जोड देताना डॉप्लरची तपासणीही पुन्हा करावी, कारण मधल्या काळात धमन्या अरुंद झालेल्या असू शकतात.